बाळंतिणीच्या खोलीतला एसी

मी एक जुना एसी आहे. खिडकीत बसवतात तसला, पेटीसारखा, वजनाला चांगलाच जड. मित्रांनो, माझं तोंड खोलीत असतं आणि पाठ बाहेर अंगणाकडे. त्यामुळे घरातलं आणि घराबाहेरचं दोन्ही माझ्या कानावर पडतं. एके काळी मला याचा मोठा अभिमान होता. आता वाटतं, एकच बाजू असती तर बरं झालं असतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तांब्याच्या नळ्या वाकवून माझी छाती केली, पोटात गॅस भरला आणि नाकासमोर एक बारीक जाळी दिली. ही जाळी धूळ अडवते. खोलीतली हवा मी तिच्यातून आत ओढतो, गार करतो आणि परत खोलीतच सोडतो. एवढं नीट लक्षात ठेवा. नवी हवा मी आणत नाही. खोलीत जे असेल तेच मी पुन्हा पुन्हा फिरवतो. लोकांना वाटतं, गार म्हणजे ताजी. त्यांचा गैरसमज दूर करायला मला तोंड आहे, पण जीभ नाही.

बारामतीत भिगवण रस्त्याला अविराज नावाच्या माणसाची कलर लॅब होती. माझी उमेदीची वर्षं तिथं गेली. लग्नसराईत फोटोंचे ढीग पडायचे आणि मी सकाळपासून घुरघुरत असायचो. फोटो न्यायला आलेली माणसं उगाच रेंगाळायची, शर्टाची वरची बटणं सोडून माझ्यासमोर उभी राहायची आणि म्हणायची, "काय गार वाटतंय बुवा." अविराज तसा तिरसट माणूस. पण कागदावर धुळीचा कण बसला की नवरीच्या गालावर डाग उमटतो, म्हणून दर सोमवारी तो माझी जाळी काढून नळाखाली धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. माझ्या पोटात जमणारं पाणी मागच्या भोकातून थेंब थेंब गटारात पडायचं. मला वास असा कधी आलाच नाही. मला वाटायचं, अविराज माझे लाड करतो.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात अविराजने नवी मोठी यंत्रं आणली आणि मला खाली उतरवलं. कऱ्हाटीचे सोमनाथ गुरुजी मला घेऊन गेले. त्यांची लेक ज्योत्स्ना निमगाव केतकीला दिलेली. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. घरातल्या नव्या खोलीवर स्लॅब होता आणि दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा.

"मास्तरच्या घरात एसी म्हणून लोक हसतील," गुरुजी अविराजला म्हणाले. "हसू द्यात. माझी लेक न् लेकरू उकडून निघायला नको."

"न्या की. फक्त जाळी पंधरा दिवसानं धुवा. अन् मागचं पाणी मोकळं पडू द्या. इसरू नका."

गुरुजींनी मान हलवली. मान हलवायला काय लागतं.

कऱ्हाटीत माझा थाट विचारू नका. भिंतीवर भगवान बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि त्यांच्या शेजारच्या खिडकीत मी. सगळी वस्ती मला बघायला आली. म्हातारी माणसं माझ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली. मी फुगून गेलो होतो. मग बारामतीच्या दवाखान्यातून ज्योत्स्ना बाळाला घेऊन घरी आली. मुलगी होती. तिला सगळे छकुली म्हणत. ती बाजेवर मुठी आवळून झोपायची आणि माझी घुरघुर ऐकली की हात सैल सोडायची. इतकं सुख मला लॅबमध्येही मिळालं नव्हतं.

आता भागुबाईंबद्दल सांगतो. त्या ज्योत्स्नाच्या आई. लेकीवर जीव ओवाळून टाकणाऱ्या. बाळंतिणीला वारं लागता कामा नये, हे त्यांनी आपल्या आईकडून ऐकलेलं आणि आईने तिच्या आईकडून. त्यांनी खिडकीच्या फटींत चिंध्या भरल्या, दाराखाली गोणपाट सरकवलं, मोरीच्या तोंडाला बोळा लावला. मग अंगणात आल्या तेव्हा त्यांना माझ्या पाठीवरचं पाण्याचं भोक दिसलं.

"हितनं वारं शिरतंय," त्या म्हणाल्या आणि जुन्या लुगड्याची चिंधी त्यात घट्ट कोंबली.

पुढून मी दिवसभर वारा सोडत होतो, तो त्यांना चालत होता. मागच्या बोटभर भोकातून येणारा मात्र चालत नव्हता. त्या दिवशी मला याची गंमत वाटली.

रोज अंघोळी झाल्या की माय-लेकींना धुरी व्हायची. गोवरीच्या निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणाच्या साली. पत्र्याच्या किंवा कौलाच्या घरात हा धूर फटीफटीतून निघून जातो. या खोलीत एकही फट उरली नव्हती. मग तो सगळा मी ओढायचो. माझ्या जाळीवर काळा चिकट थर चढला. पोटात पाणी साचून राहिलं. त्या ओलीवर बुरशी धरली. ओलं पोतं कोपऱ्यात कुजत पडावं तसा कुबट वास माझ्या तोंडातून खोलीभर पसरू लागला. मला माझीच शिसारी आली.

"आई, कुबट वास येतोय गं," ज्योत्स्ना म्हणाली. "ह्या एसीतनंच येतोय."

"बाळंतिणीच्या खोलीला वास असायचाच."

शेजारचा विकी पुण्याच्या एका हॉटेलात काम करून आला होता. त्याला बोलावलं. त्याने जाणत्यासारखं नाक वर केलं. "काकू, त्यो गॅसचा वास हाय. समद्याच एसीला येतो. काय हुत न्हाय."

सगळ्यांचं समाधान झालं. गुरुजींनीही एकदा वास घेतला, "असंल," म्हणाले आणि शाळेत गेले. जाळी त्यांच्या हातापासून वीतभर लांब होती.

वास जावा म्हणून भागुबाई दिवसातून दोनदा धुरी करू लागल्या. धुराने थर वाढला, थराने वास वाढला, आणि वास वाढला म्हणून आणखी धुरी झाली. छकुली आधी शिंकायची, मग खोकू लागली. तिचा खोकला एवढासा, मांजराच्या पिलासारखा. वीज गेली की मला हायसं वाटायचं. मनात म्हणायचो, आता येऊ नकोस. ती यायचीच आणि मी पुन्हा सुरू व्हायचो. माझं बटण माझ्या हातात नसतं, मित्रांनो.

एका सकाळी ज्योत्स्ना घाबऱ्या आवाजात म्हणाली, "आई, हिची छाती बघ कशी उडतीय. दूध पण वडंना."

"डबा झालाय," भागुबाई म्हणाल्या. लहान बाळाची छाती भरली की आमच्याकडे त्याला डबा म्हणतात. त्यांनी ओव्याची पुरचुंडी शेकून छातीवर धरली. आणि दार लावून पुन्हा धुरी केली. त्यांच्या जिवाची तगमग मला दिसत होती. ज्या हातांनी त्या नातीला वाचवत होत्या, त्याच हातांनी धूर घालत होत्या.

दुपारी छकुलीचे ओठ निळे पडले. गुरुजी जीप घेऊन आले. सगळे बारामतीला धावले आणि घाईत मला बंद करायचं राहून गेलं. रिकाम्या खोलीत मी एकटाच तो वास फिरवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आणि भागुबाई कपडे न्यायला घरी आले. डॉक्टरांनी विचारलं होतं, खोलीत धूर करता का, हवा कुठून येते. गुरुजींनी कधी नव्हे ते माझं झाकण काढलं. जाळी हातात घेतली तर तिच्या पलीकडचं काही दिसेना. मग ते अंगणात आले आणि त्यांनी चिंधी ओढली. काळं, बुळबुळीत पाणी भळभळा बाहेर आलं. भागुबाईंनी पदर नाकाला लावला. मग त्यांची नजर चिंधीवर गेली.

"ही मीच कोंबलीती," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी चिंधी तिथंच खाली टाकली. "अविराजनं बजावलं हुतं," ते म्हणाले. "म्या नुसती मान हलवली."

छकुली घरी परत आली नाही. एवढीशी छाती, तिला तो धूर आणि ती हवा सोसली नाही, असं डॉक्टर म्हणाल्याचं गुरुजी कुणाला तरी सांगत होते. ज्योत्स्ना परत आली ती रिकाम्या हातांनी. तिला दूध येत होतं. भागुबाई फडक्याने तिची छाती बांधायच्या आणि दोघी एकमेकींकडे बघायच्या नाहीत. मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

भेटायला आलेली माणसं माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "गारवा बाधला पोरीला." धुराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. धूर सगळ्यांच्याच घरात होता ना. गुरुजींनी माझी वायर काढली. खिडकीतून मला उतरवायचंही कुणाच्या मनात आलं नाही. तसाच मी तिथं बसून राहिलो, तोंडावर जळमटं घेऊन.

थंडीत शेजारच्या झुंबरबाईंची सून बाळंत झाली. त्यांची खिडकी माझ्या पाठीसमोरच आहे. दार लागलं, फटींत चिंध्या गेल्या आणि थोड्या वेळाने ओव्याचा धूर माझ्यापर्यंत आला. भागुबाई अंगणात धुणं वाळत घालत होत्या. त्यांचे हात थांबले. ओलं लुगडं तसंच दोरीवर टाकून त्या तडक शेजारी गेल्या. निखाऱ्यांचं घमेलं त्यांनी फडक्यात धरून बाहेर आणलं, अंगणात ठेवलं आणि परत जाऊन खिडकी सताड उघडली.

झुंबरबाई मागोमाग आल्या. "आवं, वारं लागंल की बाळंतिणीला."

"लागू दे," भागुबाई म्हणाल्या. "माझ्या नातीला वारंच मिळालं न्हाय."

झुंबरबाई सुनेजवळ परत गेल्या. खिडकी त्यांनी लावली नाही. बऱ्याच वेळाने आतून बाळ रडलं, चांगलं खणखणीत, मोकळ्या छातीने. भागुबाई अंगणातच खाली बसल्या आणि तोंडावर पदर घेऊन रडल्या. इतक्या महिन्यांत त्यांना रडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा एसी उद्या तुमच्याही घरी येईल. त्याला कुबट वास आला तर त्यावर दुसरा वास घालू नका. झाकण काढा, जाळी धुवा, पाण्याची वाट मोकळी ठेवा आणि खोलीची खिडकी रोज थोडी तरी उघडा. घरात तान्हं बाळ असेल तर धूर करूच नका. बाळाला वास सांगता येत नाही, आणि आम्हालाही नाही.