पुलीच्या बोल्टावरची शेंदराची रेघ

मी बोलतोय. इकडे, खाली बघा. इंजिनाच्या तोंडाशी जी मोठी पुली असते, तिच्या बरोबर मधोमध जाड डोक्याचा एकच बोल्ट असतो. तो मी. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. तुम्ही गाडीचा रंग पाहता, सीटची कव्हरं पाहता, मागच्या काचेवर पोरांची नावं लिहिता. गाडी बंद पडली की बोनेट उघडून सगळं कळल्यासारखं आत टक लावून बघता आणि मग फोन लावता.

माणसांबद्दल माझ्या तोंडून फार चांगलं काही निघणार नाही. आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कारखान्यातला. लालबुंद सळईचा तुकडा तोडला, एका टोकाला डोकं काढलं, अंगावर आटे पाडले आणि एका डिझेल गाडीच्या इंजिनात बसवून दिलं. ती गाडी दोन मालक करून पिंपळगाव राजाच्या महादेवरावांकडे आली. ते तिच्यातून नांदुऱ्यापर्यंत सवाऱ्या वाहायचे. गाडीला त्यांनी लिंबू-मिरची बांधली, हॉर्न बदलला, गाण्याचा डबा बसवला. तेल मात्र काळं डांबर झालं तरी बदललं नाही. कोणी काही म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "चालते बाप्पा, चालते."

हा शब्द मी जेवढ्या वेळा ऐकला तेवढ्या वेळा मी फिरलोही नसेन. कच्चकन आवाज येतोय? चालते. पाणी गळतंय? चालते. माणसाला गाडी चालवता येत नाही तेव्हा तो हा शब्द चालवतो.

एकच माणूस मला बरा वाटला. देवेश. महादेवरावांचा पुतण्या. नांदुऱ्याला बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं. टायमिंग बेल्ट बदलायला गाडी त्याच्याकडे आली, तेव्हा आमची गाठ पडली. पहिल्याच झटक्यात तो मला ठोकायला धावला नाही. डोकं पुसलं, आट्यात तेल सोडलं, चहा पिऊन आला आणि मग पाना लावला. मी मुकाट सुटलो. अशा माणसाशी हट्ट करून काय मिळणार?

काम झाल्यावर त्याने मला परत बसवलं, पूर्ण ताकदीने आवळलं, आणि खिशातून एक छोटी डबी काढली. डबीत तेलात कालवलेला शेंदूर होता. खराट्याच्या काडीने त्याने माझ्या डोक्यावरून थेट पुलीपर्यंत एक सरळ रेघ ओढली.

महादेवराव हसले. "काऊन बे देव्या, बोल्टाचा मारोती करून राह्यला काय?"

"हाव काका," देवेश म्हणाला. "मारोती जागचा हालला की मले दिसते."

बस, एवढंच. रेघ सलग म्हणजे बोल्ट जिथे आवळला तिथेच आहे. बोल्ट केसभर जरी फिरला तर रेघ तुटते, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. ही साधी गोष्ट समजायला शाळा लागत नाही. तरी गावाने त्याचं नाव काय ठेवलं, तर शेंदूरवाला मिस्तरी.

त्याच दिवशी देवेशने काकांना आणखी एक गोष्ट दाखवली. पाण्याच्या पंपाची पुली. टायमिंग बेल्ट तिच्यावरूनच फिरतो, आणि तो तुटला की इंजिन जागच्या जागी बंद. हाताने फिरवली तर ती खरखर करायची, अडकायची. "काका, हा पंप बदलून टाकू. बेअरिंग गेलं. जाम झाला तर बेल्ट तोडून टाकन."

काकांनी काय म्हटलं, ते तुम्हाला आता मी सांगायला नको.

पुढे ज्येष्ठाच्या कडक उन्हात महादेवरावांना ताप आला आणि सवाऱ्यांची फेरी देवेशने मारली. परत येताना वळणावर इंजिन एकाएकी गप्प झालं. देवेशने गाडी कडेला घेतली, सवाऱ्यांना खाली उतरवून बाभळीच्या सावलीला बसवलं आणि गाडी मागे सरकू नये म्हणून मागच्या चाकाला दगड लावायला गेला. तो वाकलेला असतानाच मागून ट्रक आला.

सवाऱ्या वाचल्या. दगड लावणारा गेला.

आता माणसं बघा. तेराव्याच्या पंगतीत, हातात बुंदी घेऊन, महादेवरावांनी पहिल्यांदा म्हटलं, "पुलीचा बोल्टच ढिल्ला राह्यला असन. त्यानंच आवळला होता ना." शेजारच्याने मान हलवली. त्याच्या शेजारच्याने आणखी जोरात हलवली. संध्याकाळपर्यंत 'असन' गळून पडलं आणि नुसतं 'होता' उरलं. ज्यांनी मला जन्मात पाहिलं नाही ते मी किती ढिला होतो ते बोटांनी दाखवू लागले!

देवेशच्या गॅरेजचं शटर त्याची बायको कोकिळा आणि धाकटा भाऊ प्रेम उघडत होते. गाड्या समोरून जायच्या. थांबायच्या नाहीत. ज्याचं काम त्याच्याच जिवावर उठलं, त्याच्या दारात कोण गाडी लावणार? मेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा मारायचं असलं की तो ज्या कामात पक्का होता नेमकं तेच वाईट म्हणायचं. तुम्हाला ही कला छान येते.

मी तोवर महादेवरावांच्या अंगणात गाडीसकट पावसात उभा होतो. कोंबड्या बोनेटवर चढायच्या. गंज आट्यांत शिरला, पुली दांड्याला घट्ट चिकटली. कापूस वेचणीला आला तेव्हा महादेवरावांनी भंगारवाल्याला बोलावलं. ही खबर नांदुऱ्याला पोचली आणि दुपारी प्रेम येऊन थडकला, हत्यारांची पेटी घेऊन.

"काका, इंजिन म्या उघडतो. मंग न्या कुठं न्यायचं थे."

"आता काय पाह्यतं त्यात, पोट्ट्या? होणारं होऊन गेलं."

"तुमच्यासाठी गेलं. मह्यासाठी नाई गेलं."

हा प्रेम म्हणजे नुसती घाई. आठवीत पुस्तकं फेकली ती पुन्हा उचलली नाहीत. रडायला आलं की कशावर तरी हात उगारायचा, एवढंच त्याला येत होतं. त्या दिवशी माझ्यावर उगारला. मापाचा पाना न शोधता हाताला लागला तो लावला. पाना सटकला, माझा एक कोपरा गेला आणि त्याच्या बोटांची सालं निघाली. मग त्याने छिन्नी घेतली, हातोडा घेतला. मी कशाला हलू? पाना ओढला की माझ्याबरोबर अख्खं इंजिनच फिरत होतं, आणि या शहाण्याला तेही कळत नव्हतं.

शेजारचे शरच्चंद्रराव, निवृत्त कारकून, खुर्ची घेऊन बघायला येऊन बसले. "डाव्या हाताले मार. नाई नाई, उजव्या. रॉकेल टाक. मह्या साडूच्या ट्रॅक्टरले असंच झालं होतं."

"मंग साडूलेच आणा ना, शरदकाका," प्रेम दात खात म्हणाला.

महादेवराव ओट्यावरून म्हणाले, "आता गंजानं जाम झाला थो. तवा ढिल्लाच होता."

ऐका. सुटलो असतो तरी मी ढिला होतो, सुटत नाही तरी मी ढिलाच होतो! असल्या न्यायासमोर लोखंड काय बोलणार?

प्रेमने तारेचा ब्रश उचलला आणि माझं डोकं घासायला घेतलं. गंज आणि चिखल उडाला, त्याबरोबर खालचा नारिंगी रंगही थोडा उडाला. त्याने पुन्हा हात मागे घेतला, आणखी जोरात घासायला.

"थांबा भाऊजी! हात काढा आधी."

कोकिळा फाटकातून धावत आली. प्रेमच्या मागोमाग ती बसने निघाली होती. हा माणूस चिडून काय करून बसेल याचा तिला नेम नव्हता.

"काय झालं वहिनी?"

"शेंदूर हाये थो. मह्या हातानं कालवलेला. तुमच्या भावाची रेघ हाये ते, आन् तुमी घासून राह्यले."

प्रेमच्या हातातून ब्रश पडला. कोकिळेने पदराचं टोक तेलात भिजवलं आणि पुलीवरचा चिखल हलक्या हाताने पुसला, तापलेल्या लेकराचं कपाळ पुसावं तसा. रेघ दिसू लागली. पुलीवरून निघालेली, मधे ब्रशाने थोडी खाल्लेली, पण माझ्या डोक्यावर नेमकी तिथेच चढलेली. सरळ. केसभरही न सरकलेली.

"या काका," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "शरदकाका, तुमीबी या. पाना लावायच्या आधी पाहून घ्या. मंग म्हणसान दाखवलं नाई."

शरच्चंद्ररावांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "रेघ तं जुळून हाये, महादेवराव."

महादेवराव ओट्यावरून उतरले नाहीत. "रेघ कोनीबी मारते."

त्यावर प्रेम उसळेल, ओट्यावर चढेल असं मला वाटलं होतं. तो गाडीखाली गेला. स्टार्टर काढला आणि त्या जागेतून इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या दात्यात लोखंडी पट्टी अडकवली, म्हणजे इंजिन फिरणार नाही. देवेश असंच करायचा. मग त्याने गॅसच्या बत्तीने माझं डोकं तापवलं. कोकिळेने घरातून मेणबत्ती आणली, ती त्याने तापलेल्या माझ्या कडेला टेकवली. मेण वितळून आट्यांत उतरलं. मी गार होईपर्यंत तो काकांच्या अंगणात बसून राहिला. घाई करणारा माणूस थांबला की किती दमलेला दिसतो!

पुन्हा तापवलं, पुन्हा मेण. मग मापाचा पाना, त्यावर लांब पाइप. त्याने पूर्ण अंगाचा भार दिला. कट्ट!

तो आवाज ऐकून शरच्चंद्रराव खुर्चीतून उठले. एवढा करकचून आवळलेला होतो मी. फक्त गंज असता तर मी कुरकुरत, भुगा सोडत आलो असतो.

पुली निघेना. प्रेमने हातोडा उचलला, वर नेला. पुलीवरची अर्धी रेघ त्याला दिसली आणि त्याने तो हळूच खाली ठेवला. तीन पायांचा पुलर लावून थोडी थोडी ओढत पुली बाहेर काढली. मागचं झाकण उघडलं. टायमिंग बेल्ट तुटून आत चिंध्या होऊन पडला होता, आणि पाण्याच्या पंपाच्या पुलीला रबर जळून चिकटलं होतं.

"काका," प्रेम म्हणाला, "हे फिरवून दाखवा."

आता महादेवराव उतरले. आधी दोन बोटांनी फिरवायला गेले. मग पंजाने. मग दोन्ही हातांनी, दात आवळून. पंपाची पुली तसूभर हलली नाही. ते तिथेच मातीत बसले.

"देव्या म्हणत होता बे," ते म्हणाले. "बदलू म्हणत होता. म्या म्हटलं..."

पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून निघाला नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द अडकलेला पाहिला. मला दया आली नाही. यायला हवी होती असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही माणूस आहात, मी नाही.

"हे मले नका सांगू," कोकिळा म्हणाली. "जिथं पंगतीत म्हटलं, तिथं सांगा."

त्यांनी सांगितलं. सगळ्यांना नाही, पण शरच्चंद्ररावांना सांगितलं, आणि शरच्चंद्ररावांना सांगणं म्हणजे गावालाच सांगणं. आता गॅरेजसमोर गाड्या थांबू लागल्या आहेत. मान हलवणारे आता उलट दिशेने हलवतात. "देवेशचं काम म्हणजे पक्कं!" त्या मानांचे आटे झिजलेले आहेत. कोणीही, कुठेही फिरवावं.

प्रेमने मला खिशात घालून गॅरेजात आणलं होतं. देवेशच्या फोटोखाली ठेवणार होता. कोकिळेने विचारलं, "भाऊजी, कोपरा गेलेला बोल्ट तुमचा भाऊ ठेवत होता काय?"

त्याने मला बाहेर काढलं, अंगठ्याने एकदा चोळलं आणि भंगाराच्या डब्यात टाकलं. हे त्याने केलेलं पहिलं मिस्तऱ्यासारखं काम.

मी तिथूनच बोलतोय. माझी एक विनंती आहे. मला कोणी डब्यातून काढून देव करू नका. बोल्टाने एकदाच आवळून राहायचं असतं, ते मी राहिलो. आत्ता समोर प्रेम कुणाच्या तरी गाडीत नवा बोल्ट आवळतोय. गाडीवाला म्हणाला, "बस झालं गा, चालते." प्रेमने पाना आणखी एकदा ओढला. मग काडी शेंदरात बुडवली. त्याला सवय नाही, रेघ वाकडी येते.

पण बोल्टावरून पुलीपर्यंत ती सलग जाते.