परकी ऑर्फाबाई

बारा वर्षं ऑर्फाबाईंनी अमेरिकेच्या आयोवा राज्यातली दारं ठोठावली. छातीला पिवळी फीत, बूट चिखलात, आणि तोंडी एकच धोशा: बायकांना मताचा हक्क द्या. काही दारांतून कुत्री अंगावर आली, काहींतून बायका. त्यांतली कुत्री बरी, असं त्या म्हणत. टटलबाईंनी तर दार आपटता आपटता सुनावलं होतं, "आधी नवऱ्याचे मोजे रफू कर, मग देश सांभाळ!"

एकोणीसशे वीसच्या ऑगस्टात हक्क मिळाला. ऑक्टोबरात नावनोंदणी उघडली तेव्हा रांगेत पहिल्या ऑर्फाबाई.

यादी घेऊन बसलेल्या प्रुइट मास्तरांनी लेखणी खाली ठेवली.

"ऑर्फा, तुझं नाव घालता येत नाही गं."

"का म्हणून? याच गावात जन्मले मी. पाढे तुम्हीच शिकवलेत!"

"जन्मलीस इथं, पण लग्न केलंस डेन्मार्कच्या मॅड्सशी. कायद्यानं बायको नवऱ्याच्या देशाची. त्यानं नागरिकत्वाचे शेवटचे कागद कुठं घेतलेत? मग तूही परकीच, पोरी."

"सरक की जरा," मागून टटलबाई म्हणाल्या. "चुलीवर रस्सा ठेवून आलेय." आणि त्यांनी झोकात सही ठोकली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

मॅड्स गोठ्यात धार काढत होता. सगळं ऐकून त्यानं मान खाली घातली.

"माझंच चुकलं. कागद घ्यायला हवे होते."

चार वर्षांपूर्वी तो त्यासाठी कोर्टात निघालाच होता. न्यायाधीश या कामाला वर्षातून दोनदाच बसत. मॅड्सनं कोट चढवला होता, दोन साक्षीदार वाट पाहत होते. पण ऑर्फाबाईंची सभा नेमकी त्याच दिवशी. "गाईंचं कोण बघणार? तुझे कागद काय पळून जाताहेत?" असं त्याच म्हणाल्या होत्या. त्यानं मुकाट्यानं कोट काढला. पुढं युद्ध आलं, शेतावरचा गडी सैन्यात गेला, आणि ते राहून गेलं.

"मीच अडवलं तुला," त्या म्हणाल्या. "टाकून बोल ना मला. काहीतरी बोल!"

मॅड्सनं बादली बाजूला ठेवली. त्याला रागावता कधी आलंच नव्हतं.

"काय बोलली होतीस गं त्या सभेत? सगळे वाखाणत होते. माझंच ऐकायचं राहिलं."

ऑर्फाबाईंनी आठवून पाहिलं. एक वाक्यसुद्धा आठवेना. त्या तिथंच गवतावर बसल्या आणि हमसून हमसून रडल्या.