सत्तराव्या वाढदिवसाचा ड्यूटी चार्ट

आमच्या घरी सहल नुसती ठरायची नाही, तिचा चार्ट लागायचा. आई बस डेपोत होती. कोणता चालक कोणत्या गाडीवर, त्याच्याबरोबर वाहक कोण, कोण राखीव, कोणाची सुट्टी, हे आखीव कागदावर लिहून रोज संध्याकाळी फळ्यावर लावायचं, हे तिचं तीस वर्षांचं काम. डेपोतला नियम सरळ होता. चार्टवर नाव असेल तर गाडीवर जा, नसेल तर घरी जा. हाच नियम तिने घरात आणला. लहानपणी आम्ही फार दंगा केला की ती ओरडायची नाही. शांतपणे पेन काढायची आणि म्हणायची, "खोडू का नाव?" की आम्ही गार.

बाबांचा वाढदिवस म्हणजे समुद्र. आमच्या घराखाली त्यांचं चष्म्याचं दुकान आहे आणि वर्षातून तेवढा एकच दिवस ते बंद असायचं. आईला जाऊन आठ महिने झाले. ती गेल्यावर पाचव्या दिवशी बाबांनी शटर वर केलं, ते त्यानंतर एकाही दिवशी खाली राहिलेलं नाही. सकाळी आठला खाली जातात, रात्रीच्या जेवणाला वर येतात. विचारलं तर म्हणतात, "लोकांचे डोळे थांबतात का?"

या वर्षी ते सत्तर पूर्ण करणार होते. मला एवढंच हवं होतं, की त्यांनी एक दिवस त्या दुकानातून बाहेर पडावं आणि आमच्याबरोबर समुद्रावर यावं. बाकी केक फसला, पाव शिळे निघाले, काहीही चाललं असतं.

आठवडाभर आधी मी जेवताना विषय काढला. "बाबा, या वेळी जायचं ना?"

ते बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "चार्ट लागू दे. बघू."

मी तेवढ्यावर खूश झाले. दुसऱ्याच दिवशी ग्रंथालयातून येताना मोठा आखीव कागद आणला आणि आईच्या फायलीतून मागच्या वर्षीचा चार्ट काढून समोर ठेवला. तिचं अक्षर बघायला लागणार हे माहीत होतं, म्हणून आधी चहा पिऊन घेतला.

पहिल्या ओळीत वेळ होती, निघणे दहा, पोहोचणे अकरा. तीच उतरवली. दादा फ्रीज दुरुस्त करतो, म्हणून बर्फ त्याच्याकडे. आत्याकडे केक. वहिनी रुग्णालयात नर्स आहे, तिच्याकडे औषधाची पेटी आणि कोणी पाण्यात किती खोल जायचं याचा अधिकार. दादाची सात वर्षांची मुलगी, जिला आम्ही बटण म्हणतो कारण ती दिसेल ते दाबून बघते, तिच्याकडे चमचे मोजणं. बाबांच्या नावापुढे दरवर्षी 'दोऱ्या आणि कापड' असायचं. म्हणजे वाळूत चार काठ्या रोवून सावलीसाठी कापड ताणायचं. तिथे मी थांबले.

माझ्या दहाव्या वाढदिवसाला मला ड्यूटी होती कलिंगड कापायची. बाकीची पोरं पाण्यात आणि मी सुरी घेऊन बिया काढत बसलेली. "वाढदिवस आहे म्हणून काय फुकट येणार?" आई म्हणाली होती. ते माझ्या मनात इतकी वर्षं राहिलं होतं. सत्तर वर्षांच्या माणसाला उन्हात काठ्या रोवायला लावायच्या? आपण आईपेक्षा जरा मऊ होऊ या, असं मला वाटलं. दोऱ्या आणि कापड मी दादाच्या नावावर लावलं. बाबांचं नाव कुठेच लिहिलं नाही. उत्सवमूर्तीने नुसतं यावं, बसावं, केक खावा.

चार्ट फ्रीजवर लावला. बाबा जेवायला वर आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक कागदाला टेकेल इतक्या जवळून सगळा वाचला. वरपासून खालपर्यंत, मग परत वरून.

"अक्षर चांगलं आहे," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

दोन दिवसांनी सकाळी जिना उतरता उतरता म्हणाले, "त्या दिवशी मी दुकान उघडं ठेवतोय. एका बाईंचा चष्मा द्यायचाय. तुम्ही जाऊन या."

"बाबा, वाढदिवस तुमचा आहे!"

"त्याला काय झालं. तो इथेही होईल."

मी दादाला फोन केला. दादा म्हणाला, "आईशिवाय नकोसं वाटत असेल गं त्यांना. जबरदस्ती नको करू." मलाही तेच वाटलं. मनातून वाईट वाटलं, पण पटलंही. संध्याकाळी आत्या केकच्या साच्याचं माप घ्यायला आली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. शाळेत खेळ शिकवायची. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी समोरच्या माणसाशी मैदानाच्या पलीकडे उभं असल्यासारखी बोलते.

"येत नाही म्हणजे? कोण येत नाही?"

"हळू बोल, खाली ऐकू जातं."

"जाऊ दे! सत्तर वर्षांचा घोडा, रुसतो कसला?" असं म्हणत ती पाणी घ्यायला फ्रीजकडे गेली आणि चार्टसमोर थांबली. बोट फिरवत वाचू लागली. मग आयुष्यात पहिल्यांदा ती हळू आवाजात बोलली.

"भाऊचं नाव कुठंय?"

"वाढदिवस त्यांचा आहे ना. त्यांना कसली ड्यूटी?"

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. "अगं शहाणे, तू ग्रंथालयात इतकी पुस्तकं वाचतेस आणि घरातला एक कागद तुला वाचता येत नाही? या घरात चार्टवर नाव नाही म्हणजे काय?"

मी खुर्चीवर बसले. घरी जा. चार्टवर नाव नसेल तर घरी जा. मी त्यांना मान दिला नव्हता, गाडीतून उतरवलं होतं. आणि ते वादसुद्धा न घालता उतरले होते, कारण कागदाशी वाद घालायचा नसतो.

"आता?" मी विचारलं.

"आता काय! खाली जा आणि निस्तर. मी केकचं बघते. चौकोनी की गोल?"

खाली बाबा चष्म्याची काच घासत होते. घासायच्या चाकावर पाण्याची बारीक धार पडत होती आणि त्या आवाजात बोलायला बरं होतं.

"बाबा, चार्टमध्ये एक राहिलं होतं. तुमची ड्यूटी."

"हं."

"केकवर लक्ष ठेवणं."

त्यांनी चाक बंद केलं. "केक पळून जातो का?"

"मग... बटणवर लक्ष ठेवणं."

"ती माझ्यावर ठेवते. गेल्या खेपेला मला पाण्यातून बाहेर काढलं तिने. म्हणाली, आजोबा, ओठ निळे झाले."

"बरं, मग दोऱ्या आणि कापड. दादाचं नाव खोडते."

"खोडू नकोस. बरोबर लावलंयस तू." त्यांनी उजवा हात वर करून दाखवला. खांद्याच्या जरा वर गेला आणि थांबला. "एवढाच जातो आता. गेल्या वर्षी तिला सांगितलं नव्हतं." मग काच उजेडात धरून म्हणाले, "हे बघ, मला काम काढून देऊ नकोस. तिने एकालाही खोटी ड्यूटी लावली नाही कधी. ज्याचं काम नव्हतं त्याला तोंडावर सांगायची, आज तुझं काम नाही. नसेल माझं काम, तर नाही. मी कुठे रुसलोय?"

ते इतकं समंजसपणे म्हणाले, की ते खरंच रुसले असते तर बरं, असं मला वाटलं. रुसलेल्याला समजावता येतं. मी जिन्याकडे वळले. दोन पायऱ्या चढलेही.

"आणि ती वेळ बदल," मागून आवाज आला.

"कोणती?"

"अकरा. अकराला जाऊन काय करणार तुम्ही? दोन वाजता पूर्ण भरती आहे त्या दिवशी. बारापासून तिथे पाय ठेवायला वाळू नसते. दगडांवर बसून केक कापणार?"

"पण मागच्या वर्षीच्या चार्टवर अकराच होते."

"मागच्या वर्षी ओहोटी दुपारी होती. ती दरवर्षी बंदरावर फोन करून विचारायची आणि मग वेळ लावायची. एकदा सहाला उठवलं होतं, आठवतं?"

मला आठवत होतं. मला ती आईची लहर वाटत आली होती. तिची वेळ मी एखाद्या नियमासारखी उतरवली होती, आणि ती वेळ फक्त त्याच दिवसाची होती.

मग माझ्या लक्षात आलं. "तुम्हाला कसं कळलं, भरती कधी आहे ते?"

बाबा फ्रेमचा एक स्क्रू शोधायला लागले. तो त्यांच्या समोरच ट्रेमध्ये होता.

"बंदरावरच्या लाँचवाल्याला विचारलं. चष्मा न्यायला आला होता."

"कधी?"

"झाले की दोन दिवस."

म्हणजे मी जेवताना विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. माझा चार्ट लागायच्या आधी. 'बघू' म्हणणारा माणूस भरतीची वेळ विचारून बसला होता आणि मग फ्रीजवर स्वतःचं नाव शोधत होता.

मी पायऱ्या उतरून परत खाली आले. खोटी ड्यूटी चालणार नव्हती, तेव्हा खरंच सांगावं लागलं. "बाबा, मला जमत नाहीये. आईच्या चार्टवर शेवटची ओळ तिची असायची, 'बाकी सगळं'. मी ती ओळ सोडून दिली, पण काम काही सुटत नाही. गाडी, पाणी, चटया, वहिनीला घ्यायला जाणं, सगळ्यांना फोन. रोज एक काहीतरी नवीन आठवतं."

"तुझं नाव सात ठिकाणी आहे," बाबा म्हणाले. "मी मोजलं. डेपोत असं कोणाला लावलं असतं, तर त्याने दुसऱ्या दिवशी गाडी खड्ड्यात घातली असती."

"आईचं तर सगळ्याच ठिकाणी असायचं."

"हो." त्यांनी हात पुसले. एकेक बोट, सावकाश. "ती तिची चूक होती. 'बाकी सगळं' ही काही एका माणसाची ड्यूटी नाही. मला दरवर्षी दिसायचं. दरवर्षी मी दोऱ्या बांधायचो आणि गप्प बसायचो. माझं काम मी केलं, झालं." त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "आण तो कागद खाली."

मी कागद आणला. त्यांनी चष्म्यांच्या पेट्या बाजूला सारून तो काउंटरवर पसरला, फ्रेम मोजायची पट्टी घेतली आणि माझं नाव चार ठिकाणी सरळ रेघ मारून खोडलं. शेजारी स्वतःचं लिहिलं. गाडी. वहिनीला रुग्णालयाच्या दारातून घेणे. सगळ्यांना फोन. वेळ. आई असती तर रेघ मारायची परवानगी आधी घ्यावी लागली असती.

"आत्या वर आहे ना? तिच्यापासून सुरू करतो." त्यांनी जिन्याखाली जाऊन हाक मारली. "ए, ऐकतेस का! सहाला निघायचं!"

वरून मैदान ओलांडून आवाज आला. "संध्याकाळी?"

"सकाळी!"

"डोकं फिरलंय का तुझं? मी केकवर क्रीम कधी लावू? तीन वाजता उठून?"

"क्रीम लावू नकोस! उन्हात तसाही त्याचा चिखल होतो. दरवर्षी मुकाट्याने खातो आम्ही."

मग पायऱ्यांवर धाड धाड पावलं. "चिखल? चाळीस वर्षं बोटं चाटत खाल्लास तो? ही काही बोलायची रीत झाली?"

"चार्टवर वेळ माझ्याकडे आहे. तक्रार असेल तर लेखी दे."

"आला मोठा डेपो मॅनेजर!" ती कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिली, पण तोंडावरचं हसू तिला आवरत नव्हतं. माझ्याकडे वळून म्हणाली, "बरं निस्तरलंस गं. घरी बसलेला होता तेच बरं होतं."

बाबा तोवर दादाला फोन लावून बसले होते. "बर्फ आदल्या दिवशीचा चालणार नाही, पहाटेचा हवा. कुठून आणायचा ते तू बघ, फ्रीजवाला तू आहेस. आणि बटणला सांग, चमचे मोजून झाले की आकडा मला कळवायचा, तुला नाही." पलीकडे दादा काहीतरी विचारत होता. बहुतेक बाबा बरे आहेत ना, असंच. बाबा म्हणाले, "मी? मी ड्यूटीवर आहे. ठेव फोन, अजून सूनबाईला सांगायचंय."

तेवढ्यात ज्यांच्या चष्म्यावरून दुकान उघडं राहणार होतं त्या बाई दारात आल्या. बाबांनी चष्मा त्यांच्या नाकावर बसवला, कानामागच्या काड्या जराशा वाकवल्या, समोरचा अक्षरांचा तक्ता वाचून घेतला. चष्मा तयारच होता की काय, हे मी विचारलं नाही.

"काही सैल वाटलं तर गुरुवारी येऊ ना?" बाईंनी विचारलं.

"गुरुवारी नको," बाबा म्हणाले. "गुरुवारी बंद आहे."

बाईंना काळजी वाटली. आठ महिन्यांत त्यांनी हे दुकान बंद पाहिलं नव्हतं. "का हो? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. समुद्रावर चाललोय. शुक्रवारी या. पण जरा उशिरा या, गाडी माझ्याकडे आहे, हा एक खांदा दुखत असेल."