नेलपॉलिशचा ठिपका

उताराच्या पायथ्याशी क्वाड बाइक एकदम अडली, मागची चाकं वाळूत फरफटली आणि वर बसलेले गृहस्थ हँडलवर आपटता आपटता वाचले. मी तिकिटांच्या खिडकीतून पाहत होते. आमचे हे शेडमधून धावले, गृहस्थांना हाताला धरून उतरवलं आणि किक मारून पाहिली. किक जागची हलेना. इंजिन जाम झालं होतं, आणि पुन्हा त्याच उतारावर.

यांनी मान वर केली ती थेट शेडकडे. "तो कुठाय आज?"

तो म्हणजे माझे धाकटे दीर. ते बायकोला माहेरून आणायला गेले होते आणि यांनाच विचारून गेले होते. पण मागचं इंजिन जाम झालं तेव्हाही भाऊजी रजेवरच होते, हे माझ्याही लक्षात आलं. मी खिडकीतले पैसे मोजत राहिले. आगीत तेल ओतायला मी कशाला जाऊ?

वाळूच्या टेकड्यांवर हौशी लोकांना क्वाड बाइक फिरवायला देणं हा आमचा धंदा. गाड्या जुन्या, टू-स्ट्रोक. अशा इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच कालवावं लागतं. ते काम भाऊजींचं. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मिश्रण करायचं, टाक्या भरायच्या, इंजिनं जरा वेळ नुसती चालू ठेवून गरम करायची. थंड इंजिन एकदम पळवलं तर पिस्टन आधी फुगतो, सिलिंडर मागे राहतो आणि दोघांची गळाभेट होते. पेट्रोल आणि हवेचं प्रमाण ठरवणारा कार्बोरेटर मात्र यांचा. संध्याकाळी गाड्या परत आल्या की हे एकेक चालू करतात, डोळे मिटतात आणि हवेचा स्क्रू फिरवत आवाज लावतात. लोक यांना कानसेन म्हणतात. पलीकडच्या ट्रॅकवालेही आपल्या गाड्या यांच्याकडे आणत. या कानावर आपलं घर उभं आहे, असं हे जेवताना हमखास ऐकवतात. मी दरवेळी विचारते, की मग माझी हाक तेवढी कशी ऐकू येत नाही.

दुपारी यांनी इंजिन खोललं. आधी टाकीतल्या पेट्रोलचा थेंब कागदावर टाकला. पेट्रोल उडून गेलं, ऑइलचा डाग राहिला, चांगला ठसठशीत राहिला. हे जरा हिरमुसलेच. भाऊजी ऑइल कमी टाकतात असा यांचा कयास होता आणि डागाने तो खोटा पाडला. पिस्टनही तेच सांगत होता. ऑइल कमी असतं तर ओरखडे चहूबाजूंनी असते. इथे ते फक्त धूर बाहेर पडतो त्या बाजूला होते, आणि ठिणगी टाकणारा प्लग पांढराफटक पडला होता. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की ते पेट्रोल आणखी तुटतं, त्याच्याबरोबर येणारं ऑइलही तुटतं, आणि तापलेलं इंजिन कोरडं पडतं.

"माझ्या हातचा स्क्रू असा नसतो," हे म्हणाले. "कुणीतरी फिरवतंय. मी रोज संध्याकाळी लावतो, आणि दुसऱ्या संध्याकाळी आवाज बसलेला असतो. रोज."

मी रात्री शेडवर असणाऱ्या रखवालदाराचं नाव काढलं. त्याला स्क्रू आणि खिळा यातला फरक कळत नाही, असं हे म्हणाले. यांच्या मते हा घरचाच भेदी होता, म्हणजे भाऊजी. करून ठेवतो आणि नेमका त्या दिवशी गायब होतो, म्हणजे मी नव्हतोच म्हणायला मोकळा.

मी भाऊजींची बाजू घेतली असं सांगायला मला आवडलं असतं. घेतली नाही. चारच दिवसांपूर्वी मी भाऊजींना पलीकडच्या ट्रॅकच्या फाटकात मालकाशी हळू आवाजात बोलताना पाहिलं होतं. काय काम काढलंत, असं विचारलं तर म्हणाले, "सहज." माणूस डोळे चुकवून सहज म्हणतो तेव्हा पाणी कुठेतरी मुरत असतं. मी ते यांना सांगून टाकलं.

त्या संध्याकाळी यांनी माझी नेलपॉलिश मागितली. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने माझ्या नखांकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. यांनी प्रत्येक गाडीचा स्क्रू लावला आणि त्यावर एकेक ठिपका दिला, अर्धा स्क्रूवर, अर्धा शेजारच्या धातूवर. स्क्रू हलला की ठिपका फुटणार. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत भाऊजी परतून दिवसभर काम करून गेले होते, आणि एकूण एक ठिपका फुटला होता. हे ओरडले नाहीत. पुन्हा स्क्रू लावले, पुन्हा ठिपके दिले आणि मला म्हणाले, सकाळी लवकर ऊठ.

उजाडताना आम्ही दोघं जुन्या टायरांच्या ढिगामागे उभे होतो. भाऊजी आले. मिश्रण केलं, डबा नीट हलवला, टाक्या भरल्या, पहिली गाडी चालू केली. मग खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून ते उकिडवे बसले, मान तिरकी केली आणि डोळे मिटले. अगदी यांच्यासारखे. एरवी मला कौतुक वाटलं असतं, तेव्हा अंगाचा तिळपापड झाला.

"काय कमी केलं मी तुला?" यांचा आवाज फाटला होता.

भाऊजी उभे राहिले. स्क्रू ड्रायव्हर लपवायचंही त्यांना सुचलं नाही. पलीकडच्यांनी पाठवलं का, असं यांनी विचारलं. भाऊजींनी नाही म्हणून मान हलवली. मग का फिरवतोस, असं विचारलं तेव्हा मात्र त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली टाकला. हे विचारत राहिले आणि भाऊजी वाळूकडे बघत राहिले.

शेवटी हे म्हणाले, "उद्यापासून इथे यायचं नाही. घरीही नाही." आणि शेडमध्ये जाऊन चहाच्या चुलीकडे पाठ करून बसले.

भाऊजी आपली पिशवी घ्यायला शेडच्या मागे गेले. मी त्यांच्या मागोमाग गेले ती चार शब्द सुनावायलाच. पण सुनावायच्या आधी तेच बोलले.

"वहिनी, दादाला बारीक आवाज ऐकू येत नाहीत आता. इंजिन बरोबर लागलं तरी त्याला ते बसलेलं वाटतं. मग तो हवा वाढवतो, वाढवतच जातो. आपल्याला ते किरटं वाजताना ऐकू येतं, त्याला नाही. मी सकाळी येऊन स्क्रू परत जागेवर आणतो. नसलो की राहून जातं."

"आणि पलीकडे काय करत होतात?"

"दादाने लावलेल्या त्यांच्याही गाड्या जाम झाल्या. गावभर करू नका म्हणून हात जोडायला गेलो होतो."

मला ते पटलं नाही. पकडला गेलेला माणूस काहीही रचतो. मग मघाशी तोंड का शिवलं होतं, असं मी विचारलं.

"मला इंजिन ऐकायला त्याने शिकवलं," भाऊजी म्हणाले. "त्यालाच कसं सांगू?"

मी म्हटलं, जायचंच तर चहा घेऊन जा. आत आले आणि शिट्टीची किटली चुलीवर ठेवली. भाऊजी दाराशी पिशवी घेऊन उभे. हे तसेच पाठमोरे, हातावर हात चोळत बसलेले. मग किटलीची शिट्टी सुरू झाली. आधी बारीक, मग कानठळ्या बसतील अशी. मी आणि भाऊजींनी एकमेकांकडे पाहिलं. किटली उतरवायला माझा हात उठेना.

हे हात चोळतच होते. बऱ्याच वेळाने वैतागून म्हणाले, "उकळलं नाही का अजून?"

हे वळले. आधी वाफ दिसली, मग आमचे चेहरे. हे उठून चुलीजवळ आले, वाकले, कान किटलीजवळ नेला आणि तसेच राहिले. वाफेने गाल लाल झाला तरी मागे सरेनात.

"वाजतेय?"

"हो, दादा."

"जोरात?"

भाऊजींनी पुढे होऊन किटली उतरवली. "बऱ्यापैकी," ते म्हणाले.

चहा कुणी केलाच नाही. हे बाहेर गेले. पहिली गाडी अजून चालूच होती. जमिनीवर पडलेला स्क्रू ड्रायव्हर यांनी उचलला, पँटला पुसला आणि भाऊजींपुढे धरला. भाऊजींनी आधी पिशवी खांद्यावरून उतरवली, मग तो घेतला. ते उकिडवे बसले, डोळे मिटले आणि स्क्रू फिरवू लागले. यांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. हे भावाचा चेहरा बघत होते.

"लागलं?"

"लागलं, दादा."

"पुन्हा बघ. उतारावर जायची गाडी आहे ती."

भाऊजींनी पुन्हा पाहिलं आणि मान हलवली. मग यांनी खिशातून माझी नेलपॉलिशची बाटली काढली, भावाने लावलेल्या स्क्रूवर एक ठिपका दिला, आणि तो वाळेपर्यंत त्यावर हळूहळू फुंकर घालत बसले.