कॅमेऱ्यातली ओल

ज्या दिवशी बाई गेल्या, त्या दिवशी फ्रीजवाले त्यांचेच दाणे भाजत होते.

बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत विज्ञान शिकवायच्या, म्हणून घरात नवराही त्यांना बाईच म्हणायचा. बाईंना दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काढायचा नाद. त्यांचा कॅमेरा बर्फाहून गार करून वापरावा लागे. आत जराशी ओल राहिली की काचेवर हिम धरायचं आणि फोटोचं मातेरं व्हायचं. ती ओल शोषायला कॅमेऱ्याच्या बुचात चमचाभर सिलिकाचे दाणे असत. कोरडे असले की नारंगी, ओल प्याले की हिरवे. मग ते भाजून पुन्हा कोरडे करायचे. चाळीस वर्षं फ्रीज दुरुस्त केलेल्या माणसाला यात शिकवण्यासारखं काही नव्हतं. ओल म्हणजे न बोलावता आलेला पाहुणा, हे त्यांचंच वाक्य.

पित्ताशयाच्या ऑपरेशनला जाताना बाई म्हणाल्या होत्या, "अहो, चार दिवसांत येते मी. तोवर दाणे भाजून ठेवा. एकशेवीसवर दोन तास. आणि शेजारी बसून राहा."

"चाळीस वर्षांत माझ्या हातून एक फ्रीज पेटला नाही."

"पेटायला आधी तो चालू व्हावा लागतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी लेकीचा हॉस्पिटलमधून फोन आला. "बाबा, आई गेली." फ्रीजवाल्यांनी ओव्हन बंद करायला बटण फिरवलं, ते उलटं फिरलं. तसेच चपला अडकवून ते निघाले. संध्याकाळी मेहुणी फ्रीजवाल्यांचे कपडे न्यायला आली, तेव्हा स्वयंपाकघराची भट्टी झाली होती आणि दाणे काळेठिक्कर पडले होते.

तीन आठवड्यांनी ती आवराआवर करायला आली. "भाऊजी, हे जळके दाणे टाकू?"

"राहू दे."

"काय कामाचे आता?"

"कामाचे नाहीत. राहू दे."

"बरं. आणि या कॅमेऱ्याला हे भोक कसलं?"

ते दाण्यांच्या बुचाचं भोक होतं; फ्रीजवाले उठून कॅमेऱ्यापाशी आले. फ्रीजच्या उघड्या नळीचं तोंड बांधल्याशिवाय ते कधी पाणीसुद्धा प्यायला उठले नव्हते. आणि बाईंचा कॅमेरा तीन आठवडे आ वासून पडला होता. शेजारीच बाईंची वही होती. एकाच तेजोमेघाचे फोटो त्या तीन रंगांच्या काचांतून काढून मग एक करायच्या. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: तांबडा झाला. हिरवा झाला. निळा बाकी. महिनाअखेरीस तो मेघ समोरच्या इमारतीआड जाणार होता. मग थेट पुढच्या वर्षी.

त्यांनी भोकावर टेप लावली आणि नवे दाणे मागवले. आले ते हिरवेच. दाणे ओव्हनमध्ये घालून, स्टूल ओढून ते समोर बसले. दीड तास झाला आणि फोन वाजला. हात आधी ओव्हनच्या बटणाकडे गेला. ओव्हन बंद झाला, दिवा विझला, हे दोनदा पाहिलं. मगच फोन उचलला.

"बाबा, एवढा वेळ?"

"काय झालं? लवकर सांग."

"काही नाही हो. प्रेशरची गोळी घेतलीत का?"

"घेतो." ते भिंतीला टेकले. दाणे अर्धेच नारंगी झाले होते.

दुसऱ्या दिवशी फोन मेहुणीच्या हातात देऊन त्यांनी पहिल्यापासून भाजले. पुरे दोन तास. गरम आहेत तोवर बुचात भरले, बूच घट्ट बसवलं. वहीत लिहिल्याप्रमाणे कॅमेरा गार करून, पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून एक फोटो काढला. मधोमध हिमाचं फूल उमटलं.

"कॅमेरा गेला का हो?" मेहुणीने विचारलं.

"तीन आठवड्यांची ओल एका दिवसात निघते होय?"

त्यांनी दाणे आणखी दोनदा भाजले. नवव्या दिवशी फोटो स्वच्छ पांढरा आला. मेहुणीने तो स्क्रीनवर मोठा करून पाहिला. "यात तर काहीच नाही."

"तेच तर हवं होतं."

कॅमेरा आता कोरडा आहे. मेघ इमारतीआड जायला सहा दिवस आहेत. दुर्बीण कशी रोखायची, ते फ्रीजवाल्यांना अजून येत नाही. निळा बाकी आहे.