उलटं बटण

म्हाताऱ्याच्या जुन्या ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलला दोन वेग होते: ओझं ओढायला लो, पळायला हाय. ते बदलायचं लाल बटण गियरच्या दांड्यावर होतं. चढाला बटण वर, सपाटीला खाली. हे त्याला स्वतःच्या नावाइतकं पाठ होतं.

ट्रक कालच गॅरेजमधून आला होता. आजच्या खेपेला लेक शेजारी बसली होती, तीही अट घालून. "विटा नीट पोचल्या तर चावी तुमची. गडबड झाली तर माझी, आणि तुम्ही घरी." गेल्या आठवड्यात त्याचा चष्मा पावाच्या डब्यात सापडला, तेव्हापासून ती त्याच्यावर डोळा ठेवून होती. गाडी याच ट्रकवर, त्याच्याच हाताखाली शिकलेली पोर; तिच्यापुढे थापा चालायच्या नाहीत.

सपाट रस्त्यावर ट्रक नुसता बोंबलत होता, पळायचं नाव नाही. म्हाताऱ्यानं बटणाकडे पाहिलं. खालीच होतं. मग हा असा रखडतोय का? लेक त्याच्याकडे बघत होती, आणि तेच त्याला जास्त टोचलं.

चढ लागला. त्यानं सवयीनं बटण वर ओढलं, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय क्षणभर उचलला. मागे खट्ट वाजलं आणि इंजिन घरघरून बंद पडलं. ब्रेक आवळून त्यानं पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा नुसता उच्छाद मांडला.

वर म्हणजे लो ना? की खाली? त्याला काही सुधरेना. त्यानं बटण खाली ढकललं, आणि का ढकललं ते त्यालाच सांगता येईना. आधी चष्मा, आता हे. आपला कारभार आटोपला, असं त्याला वाटलं.

"बाबा, सरका इकडे," लेक हळूच म्हणाली. तो मुकाट्यानं सरकला.

"आणि बटण खाली कशाला? चढाला वर, तुम्हीच तर शिकवलंत." तिनं ऐटीत बटण वर ओढून क्लच सोडला. ट्रकनं हिसका दिला आणि गपगार झाला. पुन्हा तेच. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, वरच ना हो?"

"मला काय विचारतेस? माझंच डोकं चालेना झालंय."

शेवटी तिनं गॅरेजच्या मिस्त्रीला फोन लावला.

"अहो ताई, त्या बटणाच्या वायरी उलट्या जोडलेल्या होत्या!" मिस्त्री खुशीत होता. "साऱ्या जगात खाली म्हणजे लो. मी सरळ करून दिल्या. सांगायचं तेवढं राहिलं बघा."

म्हणजे जन्मभर उलटं चालवलं, आणि पोरीलाही उलटंच शिकवलं! म्हातारा खो खो हसत सुटला. लेकही हसली आणि डोळे पुसून पुन्हा आपल्या जागेवर सरकली. त्यानं बटण खाली ढकललं. ट्रक कुरकुर न करता चढ चढू लागला.

"पण बाबा, चष्मा पावाच्या डब्यात कसा गेला?"

म्हाताऱ्यानं रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"ते मिस्त्रीनं केलेलं नाही," तो म्हणाला.

लेकीनं चावीचा विषय काढला नाही. "पुढच्या खेपेलाही मी शेजारी बसणार."

"बस की," तो म्हणाला.