कोपऱ्यातले दोन वाल

बेबीताई गेल्या तेव्हा त्यांचा शेवटचा डाव मोजायचा राहून गेला होता. भाऊरावांनी प्लायवूडची ती पाटी तशीच फडताळावर ठेवली आणि दाणे हलू नयेत म्हणून वरून सूप झाकलं.

गो नावाचा हा खेळ दोघा नवराबायकोची लेक समता पुण्याहून शिकून आली होती. उंद्रीसारख्या खेड्यात त्याच्या सोंगट्या कुठून मिळणार? भाऊरावांनी चिंचोके घेतले, बेबीताईंनी पांढरे वाल. पाटीवरच्या रेघा जिथे छेदतात तिथे एकेक दाणा ठेवत आपली जागा वेढायची. वेढलेल्या प्रत्येक रिकाम्या जागेचा एक गुण. म्हणून डाव संपत आल्यावर आपल्याच वेढ्यात दाणा टाकला, की आपलाच एक गुण गेला. भाऊराव तसा दाणा कधी टाकत नसत, आपली पाळी सोडून देत. बेबीताई मात्र हमखास टाकायच्या. कोपरा कितीही पक्का असो, त्यांच्या जिवाला घोर.

“काऊन टाकतं वं तिथं? तिथं कोनी येत नाई,” भाऊराव चिडवायचे.

“तुमचा काय भरवसा,” म्हणून त्या हसायच्या, आणि थोडक्यात हरायच्या. एकदाही जिंकल्या नाहीत.

सुटीला समता आली, तिनं सूप उचलून डाव पाहिला आणि अजून मोजला का नाही म्हणून विचारलं. भाऊराव म्हणाले, कोपऱ्यात दोन वाल आहेत, म्हणजे ती हरलीच असणार. तेच त्यांना बघायचं नव्हतं. एकदा तरी ती जिंकायला हवी होती.

समतानं सांगितलं, मोजायची दुसरीही रीत आहे. त्यात रिकाम्या जागांबरोबर पाटीवरचे आपले दाणेही धरतात. आपल्या वेढ्यात दाणा टाकला तर जागा एक कमी, दाणा एक जास्त. नुकसान काहीच नाही. मग दोघांनी दोन्ही रितींनी मोजलं. जुन्या रितीनं भाऊराव एकानं पुढे, नव्या रितीनं बेबीताई एकानं पुढे.

“मंग आई जिंकली असं धरा ना, बाबा.”

भाऊरावांना मोह झाला. ते त्या दोन वालांकडे बघत बसले.

“नाई,” ते म्हणाले. “दाना टाकला का गुन जाते, हे तिले मालूम होतं. मालूम असून टाकला. तो फुकटचा होता असं कसं म्हनू?”

बेबीताई एकानं हरल्या. भाऊरावांनी दाणे पुसून डब्यांत भरले. मन मोकळं वाटलं.

सकाळी चहा झाल्यावर समतानं पाटी ओसरीवर मांडली. नव्या रितीनं खेळायचं ठरलं. भाऊरावांनी वाल आपल्याकडे घेतले. डाव संपत आला, कुठे वाद उरला नाही, तेव्हा त्यांनी आपल्या पक्क्या कोपऱ्यात एक वाल ठेवला.

“बाबा, तिथं मी येऊच शकत नाई.”

“तुहा काय भरवसा,” भाऊराव म्हणाले, आणि पुढच्या खेळीला शेजारी आणखी एक ठेवला.